अकरा माणसं कमी

खानेसुमारीच्या कागदांत आमचा ब्लॉक अठ्ठावन्न नंबरचा होता. पश्चिम खानदेश जिल्हा. त्यातला शहादा तालुका म्हणजे एक चार्ज. चार्जची सर्कलं, सर्कलचे ब्लॉक. आणि अठ्ठावन्न नंबरात मौजे सावरदरी आणि तिचे तीन पाडे. दोन पाडे गावाला चिकटून. तिसरा, खात्याचा पाडा, नाल्यापलीकडे, सातपुड्याचा चढ लागतो तिथे. त्या पाड्यात माणसं किती, एवढंच सरकारला हवं होतं. ती मी अकरा कमी सांगितली.

हे एकेचाळीस सालचं. गावात लिहिता-वाचता येणारे तेव्हा हातावर मोजण्याइतके. मास्तर आजारी होऊन धुळ्याला गेलेले, तलाठ्याच्या गळ्यात दुसरे दोन ब्लॉक, पोलीसपाटलाची धाव सहीपुरती. म्हणून मामलेदार कचेरीतून आमच्या दुकानावर पत्र आलं आणि माझे मालक गणतीदार झाले. त्यांचं नाव अमृतलाल. तोंडानं मी ते कधी घेतलं नाही; कागदावर लिहायला हरकत नसावी. पगार नव्हता. छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा, शाईच्या पुड्या आणि घरांवर नंबर टाकायला गेरूचा डबा, एवढं मिळालं.

गावातली घरं दोन दिवसांत झाली. खात्याच्या पाड्यावर मात्र घोडं अडलं. पुरुष सगळे शहाद्याच्या जिनात कापसाच्या कामाला गेलेले. बायका यांना लांबून बघत आणि कुडाच्या मागच्या बाजूनं बाहेर पडून रानात जात. झोपड्यांना दारंच नाहीत, म्हणून मधल्या मेढीवर गेरूनं आकडे घातले, तर दुसऱ्या दिवशी ते शेणानं सारवलेले. तिसऱ्या दिवशी हे घरी आले आणि जेवता जेवता मला म्हणाले, तू चल. बाई विचारेल तर बायका सांगतील.

सासूबाई, जडावबाई, सामायिकाला, म्हणजे दोन घडीच्या ध्यानाला, बसल्या होत्या. उठल्यावर त्यांनी ऐकवायचं ते ऐकवलं: आपल्या घरची बींदणी, म्हणजे सून, भिल्लांच्या पाड्यावर फिरणार, आणि तेही आठ महिन्यांचं लेकरू घेऊन. पण पत्रावर सरकारी शिक्का होता, आणि शिक्क्याला त्या भीत. मी शहाद्याला मराठी चौथीपर्यंत शिकलेली, त्याचाही त्यांना मनातून थोडा अभिमान असावा. त्यांनी धनूच्या कपाळाला, गालाला, तळपायाला काजळाचे ठिपके लावले आणि आम्हाला गाडीत बसवलं. धनूच्या आधीचा माझा मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला होता. ठिपक्यांना मी कधी नाही म्हटलं नाही.

पाड्यावर हे एका मोहाच्या झाडाखाली चिठ्ठ्या मांडून बसले, तीस पावलं लांब. मी घराघरांत जायचं, विचारायचं, आणि तिथून मोठ्यानं सांगायचं. बायका घरी आपल्या भाषेत बोलत, पण दुकानावर यायची सवय, म्हणून माझ्याशी अहिराणीत. पहिल्याच घरी मी नवऱ्याचं नाव विचारलं. त्या बाईनं शेजारणीकडे बघितलं, शेजारणीनं सांगितलं. असं तीन घरी झालं. चौथ्या घरी फुलीबाई होती. माझ्याच वयाची, काळी, उंच, बोलण्यात धारदार. ती म्हणाली, “तुन्हा धनीनं नाव सांग मंग पहिले.” मी पदर तोंडाशी नेला. सगळ्या जणी हसल्या. त्यानंतर मला कोणी परकी मानलं नाही; कोणीतरी बसायला गोणपाट दिलं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. घरोघरी आढ्याला झोळ्या टांगलेल्या, आणि त्या रिकाम्या. फुलीबाईच्या घरातली झोळी तर अजून हलत होती. लहान पोर कोणी, विचारलं की नही, असं उत्तर.

ऊन वर आलं आणि धनू रडायला लागली. मला त्या दिवसांत दूध पुरत नव्हतं, त्यात सकाळपासून पाणी पोटात नाही. मी तिला एका अंगाला लावलं, दुसऱ्या अंगाला लावलं. ती ओढायची, सोडायची आणि पुन्हा किंचाळायची. फुलीबाईनं थोडा वेळ बघितलं. मग काही न विचारता माझ्या मांडीवरून धनूला उचललं आणि आपल्या छातीशी धरलं. आमच्या घरात हे कळलं असतं तर काय झालं असतं, ते मला लिहवत नाही. धनूच्या घशातून घोट जाताना ऐकू येत होते. तेवढ्यात कणगीच्या मागून दुसरं रडणं आलं. फुलीबाईनं माझ्याकडे बघितलं, आणि उठून तिकडून आपला मुलगा आणला. तोही आठ महिन्यांचा. दोघांना दोन बाजूंना घेऊन ती बसली.

मग तिनं सांगितलं. त्यांच्या पाड्यात पोराचं नाव बापाची बहीण ठेवते, म्हणजे फुई. फुया डोंगरातल्या गावांत दिलेल्या. त्या होळीला येतात. वर्षभरात झालेल्या सगळ्या पोरांची नावं होळीला ठेवायची. तोवर पोर आईचं, पाड्याचं नाही. अशा बिननावाच्या पोराचं डोकं कोणी मोठ्यानं मोजलं तर ते मोजणं भलत्याच कानावर पडतं आणि पोर जातं. दहा वर्षांपूर्वीही असेच कोणी गेरू घेऊन आले होते, पोरं मोजून गेले होते. पावसाळ्यात देवी आल्या. पाड्याचा कारभारी खात्या, त्याच्या एका घरातून चार गेली.

ती म्हणाली, “फुई येस होळीले. नाव ठेवस. मंग लिख. आते नको लिखू, बाई.”

नंतरच्या घरांत कोणी लपवलं नाही. फुलीबाई पुढे चालत होती, आणि मी सांगणार नाही हे तिनं त्यांना सांगितलं असावं. कमलीबाईनं घमेल्याखालून मुलगी काढून दाखवली. सगळी मिळून अकरा होती. मी तोंडानं मोजलं नाही, बोटांनीही नाही, नुसतं डोळ्यांनी.

झाडाखालून यांनी हाक मारून विचारलं, “लहान पोरं किती?”

मी म्हटलं, “तीन.” ती तीन नाव ठेवलेली होती. यांनी लिहिलं. पाड्याची बेरीज चौसष्ट झाली. खाली सही केली.

मला तेव्हा वाटलं होतं ते आज लिहायलाही लाज वाटते. होळी बारा-तेरा दिवसांवर होती. नावं ठेवली की मी यांना सांगेन, हे अकरा चिठ्ठ्या आणखी भरतील, संपलं. दुकानदाराच्या घरात वाढलेली मी. आमच्या वहीत काल राहिलेलं आज खाली लिहितात, वर तारीख घालतात, झालं. सरकारची वही वेगळी असते हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कचेरीचा शिपाई आला, गठ्ठा बांधला, लाखेचा ठसा मारला. पुन्हा कधी उघडणार, असं मी सहज विचारायला लावलं. तो म्हणाला, आता एक्कावन्न साली.

होळीनंतर फुलीबाई मुलाला घेऊन दुकानावर आली. फुईनं नाव ठेवलं होतं वाहरू. त्याच्या कमरेला नवा काळा दोरा. “आते लिख,” म्हणाली. लिहिलं, असं मी म्हटलं.

दोन वर्षं त्या गोष्टीनं काही मागितलं नाही. वाहरू चालायला लागला, धनू चालायला लागली. फुलीबाई दुकानावर आली की दोघं ओट्याखाली मातीत खेळत, आणि सासूबाई धनूला आत ओढून पाय धुवत. मला दुसरा मुलगा झाला. लढाईच्या बातम्या होत्या, रॉकेल मिळेनासं झालं होतं, पण ते सगळं लांबचं.

बेचाळीसचा पाऊस मघातच गेला. डोंगरावरची ज्वारी निसवलीच नाही, कणीस बाहेर पडलं नाही. संक्रांतीपासून बाजारात धान्य दिसेना. जे होतं ते सरकार घेऊन जाई आणि तालुक्याच्या गोदामात ठेवी. मग हुकूम निघाला की गोदामातून गावोगाव धान्य वाटायचं. सावरदरीचं वाटप आमच्या दुकानाला मिळालं. मोठ्या माणसाला आठवड्याला तीन शेर, दहा वर्षांखालच्याला दीड शेर. कोणत्या गावाला किती पोती, ते ठरणार खानेसुमारीच्या आकड्यावर. कचेरीनं पाड्यांच्या याद्याही पाठवल्या. मजकूर यांचाच होता, नक्कल केलेला.

पहिल्या सोमवारी खात्या कारभारी पाड्यातल्या बायकांना घेऊन आला. म्हातारा, एका डोळ्यानं अधू, थट्टेखोर. यांनी यादी वाचली आणि लहान पोरं तीन म्हटली. खात्या हसला. “तीन? मन्हा एकला घरमा चार शेतस. बाकीना काय हवा खातस, शेट?”

यांनी समजावलं की खानेसुमारीनंतर जन्मलेली पोरं पोलीसपाटलाच्या जन्माच्या वहीवरून घालता येतात. तशी पाच घातलीही. पण त्या अकरांचं काय करायचं? ती एकेचाळीसच्या गणतीआधीची. पाटलाच्या वहीत नाहीत, कारण पाड्यावरून तेव्हा कोणी कळवत नसे. आणि यादीत नाहीत. दोन आणि तीन वर्षांच्या मधल्या वयाची कशीबशी उभी राहणारी पोरं, अंगावरून तुटलेली, भाकरीवर आलेली. सरकारच्या हिशेबी ती जन्मलीच नव्हती.

खात्यानं त्यांची वयं सांगितली तेव्हा यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी दाराआड होते, घुंगटात. त्यांनी काही विचारलं नाही. धनूचं नाव मात्र गावच्या यादीत होतं. तिचा दीड शेर आमच्या घरी दर आठवड्याला येत होता.

दुपारी हे जेवायला आत येत तेव्हा बायकांना मी मापून देई. मी फुलीबाईच्या, कमलीबाईच्या, खात्याच्या सुनांच्या झोळीत वरून पसाभर टाकायला लागले. अकरा पसे. पसा म्हणजे काय असतो हे मापणाऱ्यालाच कळतं. पाच आठवड्यांनी यांनी पोती पुन्हा मापली तेव्हा अठ्ठावीस शेर कमी भरले. सासूबाईंनी आधीच ओळखलं होतं. म्हणाल्या, “पीहर रो धान है कांई, बींदणी?” माहेरचं धान्य आहे का, असं. यांनी त्यांना आत पाठवलं आणि माझ्यासमोर बसले. सरकारी धान्यात तूट आली तर तुरुंग होता.

मी सगळं सांगितलं. होळी, फुया, कणगीमागची पोरं. धनूला पाजल्याचं सांगितलं नाही.

ते बराच वेळ मापाच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “सही माझी आहे.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला नीट समजावलं. खोटी गणती भरली म्हणून दंड होईल, तो भरता येईल. पण वाटप काढून घेतील. जवळचं दुसरं दुकान ब्राह्मणपुरीला, साडेचार कोस. मग एकोणसत्तर माणसं चालत तिथं जाणार का? गेलीच तर ओळख नसलेला दुकानदार त्यांना काय मापून देणार? अकरांसाठी एकोणसत्तरांना घालवायचं का, असं त्यांनी मला विचारलं. खरोखर विचारलं, उत्तर हवं होतं त्यांना. तूट त्यांनी आमच्या घरच्या बाजरीतून भरून काढली, आणि दुपारचं माप माझ्या हातून काढून घेतलं.

म्हणून मी गप्प बसले. सहा आठवडे. तेवढ्या दिवसांत मी धाकट्याला दात आले म्हणून आनंद केला, धनूला परकर शिवला. गप्प बसणं कठीण असतं असं म्हणतात. मला नाही गेलं.

पाड्यावर आहे त्यातच वाटून खात होते. एकोणसत्तरांचं ऐंशींत. मोहाची फुलं उकडून झाली, चारोळ्या झाल्या. मग डोंगरातले कडूकंद. हे कंद चिरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात टोपलीत ठेवावे लागतात, कडूपणा आणि विष धुऊन जाईपर्यंत. त्या वैशाखात नाला आटला होता. डबक्यात ठेवलेले कंद वरून पांढरे दिसत. मोठ्यांना नुसती मळमळ झाली. कमलीबाईची मुलगी आधी गेली. तिसऱ्या दिवशी वाहरू.

मी गेले नाही. मला जाऊ दिलं नसतं, आणि गेले असते तर कोणत्या तोंडानं. खात्या दुकानावर मीठ न्यायला आला तेव्हा त्यानं सांगितलं. फुलीबाई कशी आहे, मी दाराआडून विचारलं. तो म्हणाला, ती बोलत नाही, आणि आमच्या पाड्यात ती बोलली नाही की सगळ्यांना ऐकू कमी येतं.

त्याच आठवड्यात सर्कल इन्स्पेक्टर धान्य तपासायला आले. पोक्त माणूस, दम्याचा. ओट्यावर बसून त्यांनी पोती मापवली, यादी बघितली, सगळं बरोबर आलं. सही करायला दौत उघडली. सासूबाई आतून चहा देत होत्या. मी धाकट्याला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि घुंगट घेऊन ओट्यावर गेले. परक्या पुरुषासमोर, नवऱ्यासमोर आणि सासूसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

मी म्हटलं, “साहेब, खात्याच्या पाड्याची गणती खोटी आहे. अकरा पोरं मी सांगितली नाहीत. यांना ठाऊक नव्हतं. त्यातली दोन गेली. नऊ आहेत.”

त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग यांना म्हणाले, अमृतलालशेट, दुकान राहणार नाही, एवढं समजून चला. दंडाचं मी ‘अनवधानानं’ असं लिहून बघतो. आणि मला म्हणाले, “नऊ म्हणता, मला डोळ्यांनी दाखवा. आज. ऐकीव आकडा मी वर पाठवणार नाही. उन्हं उतरेपर्यंत बसतो.”

यांनी गाडी जुंपली. माझ्याशी बोलले नाहीत, पण बैल पळवले.

पाड्यावर एक पोर दिसेना. आमची गाडी चढताना दिसली होती. साहेब आलाय हे आधीच पोचलं होतं. मेढीमेढीशी बायका उभ्या. मी सांगत राहिले: मोजलं तरच धान्य येईल, नावं आता ठेवलेली आहेत, आता भीती नाही. त्या ऐकून घेत होत्या. खात्याची थोरली सून म्हणाली, दोन वर्षं मोजलं नव्हतं म्हणून पोरं होती. आता दोन गेली, कारण तू मनात मोजलं होतंस. मी मोजलं होतंच.

ऊन झाडाच्या बुंध्याशी आलं. हे गाडीजवळ उभे राहून आकाशाकडे बघत होते.

फुलीबाई आपल्या घरातून बाहेर आली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बायकांच्या मधे उभी राहिली आणि हळूच बोलली, नेहमीच्या आवाजातसुद्धा नाही. “मन्हा पोऱ्याले कोनी लिखं नव्हतं. तरी तो गया.”

मग खात्याची सून वळली आणि नाल्याच्या काठच्या बांबूंकडे चालू लागली. तिच्या मागे दुसरी गेली. एकेक करून पोरं आली: कडेवर, पाठीवर, एक स्वतःच्या पायांनी. पोटं पुढे आलेली, केस तांबूस. गाडीत नऊ पोरं आणि चार बाया बसल्या. वाटेत एकही पोर रडलं नाही, त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

साहेबांनी ओट्यावर ती एका ओळीत बसवली. नावं मी सांगितली. एकेका नावाला त्यांनी पोराच्या डोक्याला बोट लावलं आणि लिहिलं. नववं लिहून झाल्यावर फुलीबाई पुढे झाली. ती गाडीत कशाला बसली होती ते मला तोवर कळलं नव्हतं. म्हणाली, वाहरूचं नावही लिहा. साहेबांनी विचारलं, कुठे आहे? तिनं डोंगराकडे हात केला. साहेबांना वाटलं, ढोरांमागे गेलाय. मी सांगितलं, तो नाही. त्यांनी कागदावर टिपकागद दाबला आणि म्हणाले, बाई, हे हयातांचं असतं.

पुढच्या सोमवारपासून आमचं दुकान बंद. पाटी उतरली, तराजू आत आला. सासूबाई माझ्या हातचं पाणी घेईनात. हे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण सोमवारी पहाटे गाडी जुंपून नाल्यापर्यंत नेत आणि पाड्याच्या बायकांना ब्राह्मणपुरीला पोचवत. तिथल्या दुकानासमोर उभे राहत, मापाकडे बघत. वाटपवाला ओळखीचा नव्हता, पण यांच्यासारखा माणूस मापाकडे बघत उभा असला की माप भरतं.

नऊ नावांचं धान्य मात्र लगेच आलं नाही. कागद शहाद्याहून प्रांतांकडे, तिथून धुळ्याला, तिथून परत. ज्येष्ठ संपताना आलं. तोवर मृग कोसळला होता. पहिल्या पाण्याबरोबर हिवताप आला आणि पोटात काही नसलेली पोरं आधी धरली. खात्याचे दोन नातू एका दिवशी गेले. नंतर वरच्या घरातली एक मुलगी, जी त्या दिवशी स्वतःच्या पायांनी गाडीशी आली होती. सहा राहिली. फुलीबाई त्या तिन्ही घरी रात्रंदिवस होती; पोरांना अंघोळ घालून शेवटची नेतात ते तिनंच केलं, असं कमलीबाई सांगत होती.

भाद्रपदात कचेरीतून एक तरुण कारकून घोडीवर आला. वाढीव नावांची हयाती तपासायची होती. नाल्याला पाणी होतं आणि त्याचे बूट नवे होते. तो आमच्या ओट्याच्या पुढे गेलाच नाही. सोमवार होता. पाड्याच्या बायका गाडीसाठी खाली आल्या होत्या, रिकाम्या झोळ्या डोक्यावर घेऊन, पावसाची खोळ करून. त्यानं कागद काढला, यांना विचारलं, दुकान तुमचंच होतं ना. मग कागदात बघून म्हणाला, नावं बाईंनी दिलेली दिसतात.

“नऊच्या नऊ हयात आहेत?”

दीड शेराप्रमाणे गेलेल्या तिघांचे साडेचार शेर. त्या साडेचार शेरांवर पाड्यातली आणखी दोन-तीन पोरं पाऊस काढत होती. खात्या ते कसं वाटतो मला ठाऊक होतं. हे बैलांचं जू सारखं करत होते. त्यांचे हात थांबले. त्यांनी मान वर केली नाही.

मी म्हटलं, “हो. नऊ.”

त्यानं नऊ खुणा केल्या, अंगठ्यासाठी शाई पुढे धरली. मी म्हटलं, मला सही येते. सही केली. त्यानं कागद गुंडाळून मेणकापडात घातला, चहा नको म्हणाला, आणि निघाला.

बायका गाडीत चढू लागल्या. फुलीबाई चाकाशी उभी होती. आमच्या सगळ्या बोलण्यातलं तिला किती कळलं होतं, देव जाणे. आकडा मात्र कळला होता. ती माझ्या अगदी जवळ आली. वाहरू गेल्यापासून ती माझ्याशी थेट बोललेली नव्हती.

“खोटं सांगनंच व्हतं,” ती म्हणाली, “ते अकरा सांगती ना, सेठाणी.”

तोवर कारकुनाची घोडी शहाद्याच्या वाटेला लागली होती.